‘धुलाई’ची क्लिप मला पाठवू नका

सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच क्लिप. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी गोऱ्यांची ‘धुलाई’ केली म्हणे. क्लिप जून २०२२ची, स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाची. प्रश्न काय होता, ते सांगा की राजेहो! युक्रेन युद्धाच्या वेळी तुम्ही बाजूला राहिलात, मग उद्या चीननं त्रास दिला तर तुमच्या मदतीला कोण येणार? असं टोचल्यावर माणूस कापसासारखं मऊ कसं बोलेल? बंद खोलीत याच युरोपशी बोलताना सूर असा असतो का? नाही बाप्पा.

मला माहीत आहे, कारण मी तिथं उभा होतो. ब्रातिस्लाव्हात नाही, नागपुरात, आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या फाटकात. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला, घराघरात पाणी. शेजारच्या लेआउटनं नालीवर भिंत घातलेली. तीन संध्याकाळी चहा पिऊन ठरलं: ते चार फूट भिंत फोडतील, अर्धा खर्च आमचा. बाहेर आलो तर एका चॅनेलचा पोरगा माइक घेऊन हजर. “काकाजी, तुम्ही त्यांच्यापुढं झुकले म्हणे?”

“झुकते माझी चप्पल!” मी.

संपलं. रात्री ती क्लिप भिंतीपलीकडं पोचली.

प्रश्न विचारूच नये का? विचारा हो, नाही तर हे लोक तोंड उघडणार नाहीत. सप्टेंबर २०१३मध्ये लंडनला एका पत्रकार बाईनं अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री केरी यांना विचारलं, अमेरिकेचा हल्ला टळावा म्हणून सीरियाचे असद काही करू शकतील का? केरी म्हणाले, आठवड्याभरात सगळी रासायनिक अस्त्रं सोपवावीत, पण तो सोपवणार नाही. रशियानं त्याच दिवशी ते वाक्य उचललं, आणि हल्ला टळला. पण फेब्रुवारी २०२५मध्ये व्हाइट हाउसमध्ये ट्रम्पसोबत बसलेल्या युक्रेनच्या झेलेन्स्कींना एका पत्रकारानं काय विचारलं? सूट का नाही घातला! या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं माणसानं? पुढं त्याच बैठकीत आवाज चढले, खनिजांचा करार त्या दिवशी तसाच राहिला.

त्या पोरावर मी वर्षभर चिडून होतो. आता नाही. बावीसेक वर्षांचा असेल, घामेजलेला, त्याचंही पोट व्ह्यूजवर. मला “बघू, बोलणं सुरू आहे” म्हणता आलं असतं. पण मागं आमचेच दहा लोक उभे होते ना! उत्तर त्यांच्यासाठी होतं. टाळ्याही पडल्या.

भिंत आहे तशीच आहे. परवा शंकरनगर चौकात त्यांचे अध्यक्ष सिग्नलला दिसले. मी हात वर केला. त्यांनी हेल्मेटची काच खाली घेतली.