लाल आणि हिरवा मिळून पिवळा

माझा आठवीतला एक विद्यार्थी गेल्या आठवड्यात घरी आला तो रडवेला होऊनच. एका चित्रकला स्पर्धेला त्यानं टॅबवर काढलेलं चित्र पाठवलं होतं. परीक्षकांनी ते स्पर्धेत धरलंच नाही. "हे हातानं काढलेलं नाही, मशीननं केलंय," असं सांगितलं. स्पर्धेचं नाव घेत नाही, घेऊन काही साधणारही नाही. पण हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

चित्र असं आहे. लाइट गेलेत. आजी स्वयंपाकघरात खाली बसून मेणबत्तीच्या उजेडात मेथी निवडतेय. मागचा ओटा, पिंप, फळीवरचे डबे सगळे निळसर काळोखात. उजेड फक्त आजीच्या बोटांवर आणि मेथीच्या जुडीवर. टॅब हातात घेऊन बघितलं तर ज्योतीपाशी डोळे किंचित बारीक होतात, इतकी ती खरी लागते. स्पर्धेसाठी प्रिंट पाठवायची होती. त्या प्रिंटमध्ये ज्योत मेलेली. पिवळ्याचा उजेडच गेला, नुसती हळद उरली, आणि निळ्या काळोखाचा चिखल झालाय. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत होते तेव्हा तो म्हणाला, "बाई, यात लाल उजेडावर हिरवा उजेड टाकला की पिवळा होतो. रंगपेटीत नाही होत तसं."

बत्तीस वर्षं मी वर्गात शिकवलं की लाल आणि हिरवा मिसळला की मळकट तपकिरी होतो. ते खरंच आहे, पण ते रंगद्रव्याचं खरं. कागदावरचा रंग पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला आपल्याला परत देतो. जितके रंग मिसळाल तितकं गिळणं वाढत जातं, म्हणून चिखल. स्क्रीन स्वतःच उजेड देते. तिथं उजेडात उजेड मिळवला की तो वाढतो. मोबाइलच्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब पडू द्या आणि त्यातून पांढऱ्या भागाकडे बघा, लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतील. या पोरानं ते स्वतः शोधून काढलं, कुणी न शिकवता, आणि आजीच्या बोटांवर वापरलं. याला हात लागत नाही म्हणता?

हे सगळं बोलत असताना मला 2023 मधलं लंडन आठवत होतं. लेकीकडे गेले होते, एप्रिल महिना. ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीत आपल्या मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी यांचं एकल प्रदर्शन होतं, 'माय रिअॅलिटी इज डिफरंट'. त्या गॅलरीनं समकालीन कलाकारांसाठी सुरू केलेल्या फेलोशिपच्या पहिल्या मानकरी त्याच. वय सत्त्याहत्तर. आणि काम सगळं आयपॅडवर काढलेलं. एकेक रेघ काढायची, पुसायची, पुन्हा काढायची आणि त्यातून हलती चित्रं करायची.

आत शिरले तर आधी काहीच दिसेना. बाहेरच्या दालनांत सोनेरी चौकटी आणि इथं एकही चौकट नाही. डोळे सरावले तसं लक्षात आलं की भिंत रिकामी नाहीच. नऊ प्रोजेक्टरमधून चित्रं एकमेकांवर पडत होती. त्याच गॅलरीतल्या जुन्या चित्रांमधला एखादा चेहरा, एखादा हात उजळायचा, त्यावर झरझर रेघ धावायची, कुणी पळतंय, कुणी पडतंय, आणि मग सगळं पुसलं जायचं. मी एका भिंतीशी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. ती रेघ माझ्या ओळखीची होती. सुरुवातीला जाड, वळणावर थबकलेली, शेवटी सुटलेली. पहिलीतलं मूल खडू धरतं तेव्हा जे होतं तेच. काच गुळगुळीत असली म्हणून बोट थरथरायचं राहत नाही. हॉलला एक फेरी मारून परत आले तर त्याच भिंतीवर वेगळंच काही चाललं होतं. लेक म्हणाली, "आई, निघायचं का?" मी म्हटलं, "थांब गं, अजून एकदा."

मग मुद्दाम मूळ चित्रांच्या दालनांत गेले. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1601 मधलं 'सपर अॅट एमाऊस' तिथं आहे. टेबलाच्या पार काठावर आलेली फळांची टोपली, आता पडेल असं वाटतं. तोही अंधारात उजेड लावणाराच. त्याच संग्रहात अठराव्या शतकातल्या झोफानी या चित्रकारानं काढलेलं मिसेस ऑस्वाल्ड यांचं चित्र आहे, निळ्या झगझगीत पोशाखातलं. त्या घराचा पैसा जमैकातल्या मळ्यांचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. नलिनीबाईंच्या पुसण्याला आणि पुन्हा काढण्याला किती धार आहे, हे मला त्या पोशाखासमोर उभं राहिल्यावर कळलं. भव्य चित्रावर त्या रेघ मारतात ती खोडसाळपणानं मारत नाहीत. चित्रात जी माणसं कधी काढलीच गेली नाहीत, ती त्या वर आणून ठेवतात.

आणि या बाई काही काल टॅब हाती आला म्हणून डिजिटल झाल्या नाहीत. जन्म 1946 चा, कराचीचा. फाळणीनं कुटुंब इकडे आलं. 1969 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. त्याच वर्षी चित्रकार अकबर पदमसींच्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि 'ड्रीम हाउसेस' ही हलती चित्रकृती केली. पुढे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांवर उलट्या बाजूनं रंगवून, ते नळकांडी करून फिरवून, मधून उजेड सोडून भिंतीभर सावल्या नाचवल्या. लंडनचं प्रदर्शन झालं त्याच वर्षी जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. हा सगळा प्रवास उजेडाचा आहे, यंत्राचा नाही. हातात कधी कॅमेरा होता, कधी कुंचला, आता काच आहे.

आम्हा कल्याणकरांना तर हे कुणी सांगायची गरजच पडू नये. 1892 मध्ये याच गावात महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. शंबरासुराच्या मायेवरून ते नाव. हातानं रंगवलेल्या काचा, मागं दिवा, समोर पांढरा पडदा, आणि जोडीला कथा आणि गाणं. काचा सरकवून चित्रं हलवायचे. म्हणजे भारतात सिनेमाचा पहिला खेळ व्हायच्या चार वर्षं आधी कल्याणात लोक अंधारात बसून उजेडातली चित्रं बघत होते. त्या काचा रंगवणाऱ्याला कुणी म्हणालं असेल का, की हे दिव्यानं काढलंय, तुम्ही नाही? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत. पडद्यामागं दिवा असल्याशिवाय तेही चित्र पुरं होत नाही. त्या कलेसाठी 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या होत्या.

आता एक शंका रास्त आहे, तिला बगल देत नाही. आज दोन ओळी लिहून एआयकडून चित्र मिळतं, मग परीक्षकानं ओळखायचं कसं? ओळखता येतं. चित्रकलेच्या बऱ्याच अॅपमध्ये पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंतची नोंद ठेवता येते. या मुलाकडे ती होती. मी बघितली. आजीचा डावा अंगठा त्यानं अकरा वेळा पुसून काढलाय. मेथीची पानं आधी सुटी सुटी काढली, मग सगळी पुसून जुडीचा आकार धरला. मेणबत्ती तर सुरुवातीला चित्रात नव्हतीच, खिडकीतून चांदणं येत होतं. स्पर्धावाल्यांनी ही नोंद मागितली असती तर पाच मिनिटांत विषय मिटला असता. न बघता बाद करणं मला फार लागलं.

आणि दुसरं. उजेडात काढलेल्या चित्राची प्रिंट मागायची आणि मग फिकं दिसतं म्हणून मार्क कापायचे, हे तर भरतनाट्यमचा फोटो बघून ताल तपासण्यासारखं झालं. अशी चित्रं अंधारात, पडद्यावर, उजेडातच बघायला हवीत. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत नाट्यगृहं आहेत, वाचनालयं आहेत. त्यांच्या एखाद्या खोलीला काळे पडदे लावले आणि एक बरा प्रोजेक्टर दिला तर वर्षाला दोन प्रदर्शनं सहज होतील. भिंतीला खिळा ठोकावा लागणार नाही, चौकटीचा खर्च नाही. आमच्या चित्रकला शिक्षकांच्या ग्रुपवर मी हे मांडलंय, दोन शाळांनी होकारही दिलाय.

पण तोवर थांबायला नको म्हणून या रविवारी संध्याकाळी सात वाजता माझ्याच हॉलमध्ये सुरुवात करतेय. पडदे ओढून, भिंतीवर पांढरी चादर लावून, त्याचं एकट्याचं प्रदर्शन. आजीचं चित्र आणि आणखी सहा. आजी स्वतः येणार आहेत, त्यांना सांगितलंय की मेथी आणू नका, नुसत्या या. चादर आहे, सतरंजी आहे. प्रोजेक्टर तेवढा नाही. कल्याण-डोंबिवलीत कुणाकडे दोन तासांसाठी मिळण्यासारखा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि त्याच रात्री परत पोचवीन.