म्हणे पहाटे पाचला निघू!

पुण्याहून किनाऱ्यावर तंबू ठोकायला जायचं ठरलं की ग्रुपवर सगळे शूर. "पाचला चांदणी चौक, एक मिनिट उशीर नाही." आणि साडेसहाला मी पुलाखाली एकटा, पाठीवर सॅक, कानाला फोन. "अरे, निघालोच!" मागे बादलीत नळ सुटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय. निघालास म्हणे!

बरं, येतात ते काय घेऊन? दोन स्पीकर, चकल्यांचा डबा, फुटबॉल. तंबूचे खुंटे? "ते तू आणणार होतास ना?" टॉर्च तर कुणाच्या बापाने आणलेला नसतो. मग पिरंगुटला मिसळ. तिथे मात्र दोनदा तर्री मागायला वेळच वेळ. पुढे ताम्हिणीत प्रत्येक वळणावर फोटो.

अहो, काशीदच्या किनाऱ्याजवळचं फणसाड म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडी नव्हे, वाटेल तेव्हा चढायला. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते, आता अभयारण्य आहे. शेकरू बघायचा तर सकाळी लवकर झाडांखाली हवं. आम्ही दुपारी टळटळीत उन्हात पोचणार आणि "इथे काहीच नाही रे" म्हणणार.

समुद्राचंही तेच. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, पण ती आमच्या आंघोळी उरकायची वाट बघत नाही. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, खुंट्यांऐवजी दगड ठेवून काशीदजवळ तंबू उभा करायचा. ओल्या वाळूची रेघ कुठवर आहे हे बघायचं नाही. आणि रात्री पाणी पायाशी आलं की सगळे माझ्यावर, "जागा कुणी निवडली?"