बेडकांचं उद्या बघू

फारो व्हायला मुकुट लागत नाही. घरात चार माणसं दबून असली किंवा ऑफिसात दोघं हाताखाली असले की भागतं. फारो म्हणजे मिसरचा, आजच्या इजिप्तचा राजा; बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. जागा रिकामीच आहे, तुमचं नाव घाला.

सुरुवात प्रश्नाने करा. तुमच्याकडे गुलाम असलेल्या इस्राएली लोकांचे पुढारी, मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन, एक ८० वर्षांचा, दुसरा ८३, दारात येऊन परमेश्वराचा निरोप सांगतात : माझ्या लोकांना जाऊ दे. तुम्ही विचारा, ‘कोण हा परमेश्वर?’ आणि लगोलग गुलामांना विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करा. विटा मात्र रोजच्या तेवढ्याच मागा. पुढे परमेश्वराने मिसरावर धाडलेल्या दहा पीडा या प्रश्नाचंच उत्तर आहेत. ‘म्हणजे तुला कळेल’ हे पालुपद त्यात वरचेवर येतं. पण उत्तर ऐकायचंच नसलं की प्रश्न विचारायला काय जातं?

नाईलचं रक्त झालं तर तज्ज्ञांना बोलवा. तुमचे जादूगार येतील आणि उरल्यासुरल्या पाण्याचंही रक्त करून दाखवतील. मग बेडूक निघतील. भट्टीत बेडूक, पिठाच्या परातीत बेडूक, अंथरुणात बेडूक. जादूगार पुन्हा बाह्या सरसावतील आणि आणखी बेडूक काढतील! पीडा घालवता येत नाही, पण वाढवता येते, अशी माणसं पदरी हवीतच. (तिसऱ्या पीडेत, उवांपाशी, त्यांनी हात टेकले आणि ‘हे देवाचं बोट आहे’ असं कबूल केलं. इतका प्रामाणिकपणा दिसला की सल्लागार बदला.)

मोशे विचारतो, ‘बेडूक कधी घालवू?’ राजा म्हणतो, ‘उद्या.’ आता नाही, उद्या! आणखी एक रात्र बेडकांसोबत काढेन, पण घाईने शरण गेलो असं दिसता कामा नये. हा बाणा अंगी बाणवा.

मिसरात हेकेत ही बाळंतपणाची देवी बेडकाच्या तोंडाची. आता तीच ढिगांनी गावभर सडत पडली. नाईलच्या पुराचा देव हापी, सूर्यदेव रा. एकाची नदी नासली, दुसऱ्याच्या राज्यात तीन दिवस काळोख. ‘मिसरच्या सगळ्या देवांचा न्याय करीन’, असं ग्रंथात स्पष्टच आहे. तुम्ही फक्त बेडूक मोजा.

बेडूक मेले, जरा श्वास मिळाला, की मन पुन्हा घट्ट करा. मूळ हिब्रूत इथे मन ‘जड’ केलं असं म्हटलंय. मिसरी माणसाला हे झोंबायला हवं होतं. त्यांच्याकडे मेल्यावर काळीज तराजूत घालून सत्याची देवी मात हिच्या पिसाशी तोलत, आणि जड भरलं तर अम्मित ही राक्षसीण ते गिळून टाकी. असो, तराजू मेल्यावर येतो. शिवाय पहिल्या काही पीडांत राजा स्वतःच हटून बसतो. गळवं उठल्यानंतर मात्र परमेश्वरानेच त्याचं मन कठीण केलं, असं लिहिलंय. तेवढं वाक्य पाठ करा : ‘माझा काय दोष?’ आधीची पानं कोण उलटून बघतो!

घासाघीस सोडू नका. इथेच यज्ञ करा, बरं, जा, पण लांब नको, पुरुषच जा, सगळे जा, पण गुरं ठेवा. दरबारी ओरडू लागले, ‘मिसर बुडाला, अजून कळत नाही?’ तर ते नकारात्मक बोलतात म्हणा.

दहाव्या पीडेच्या रात्री मिसरातल्या घराघरांतला थोरला मुलगा जातो, जात्यामागच्या दासीचाही. तिला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. हा हिशेब तुमच्या वहीत लिहू नका.

वल्हांडणाच्या, म्हणजे या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री यहुदी हे सगळं पुन्हा वाचतात. पुण्यात १८७४ साली बेने इस्राएलांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी, मराठी भाषांतरासह हग्गादा, त्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, म्हणजे आपल्याकडेही वाचलं गेलंच. पुष्कळ घरांत दर पीडेचं नाव घेताना पेल्यातला द्राक्षारसाचा एक थेंब काढून टाकतात. शत्रू मेला तरी आपला आनंद तेवढा कमी, म्हणून. तुम्ही असला वेडेपणा करू नका. पेला काठोकाठ भरा, आणि बेडकांचं उद्या बघू.