सुई टोचली म्हणून पसरला?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी बायोप्सीची (गाठीत सुई घालून तिचा नमुना तपासण्याची) तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली. कारण तेच, "लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो." माझ्या मावशीच्या तोंडीही हेच वाक्य होतं. छातीतली गाठ चार महिने लपवली तिने. तेव्हा मी पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते आणि कॅन्सर पसरतो कसा, याच विषयावर काम करत होते. घरात मात्र माझं कुणी ऐकलं नाही.

आमचं काम काय, तर काळ्या उंदराची शेपटी दिव्याखाली शेकून शीर फुगवायची आणि तिच्यात 'बी१६-एफ१०' नावाच्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पेशी सोडायच्या. तीनेक आठवड्यांनी फुफ्फुस बाहेर काढलं की गुलाबी मांसावर काळे ठिपके, म्हणजे तिथे रुजलेल्या गाठी, दिसायचे, मोहरी सांडल्यासारखे. भिंग घेऊन ते मोजत बसायचं. पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं, लाखांनी पेशी सोडल्या आणि ठिपके एवढेच?

आयझाया फिडलर यांचं सगळं आयुष्य या 'एवढेच'च्या मागे गेलं. जन्म १९३६ सालचा, जेरुसलेमचा. शिक्षणाने गुरांचे डॉक्टर, पदवी ओक्लाहोमाची. कुत्र्यांच्या गाठी काढायचे. शस्त्रक्रिया झकास व्हायची, पण पुढे कुत्रं मरायचं ते दुसरीकडे उगवलेल्या गाठींनी. हे खटकलं आणि गृहस्थ पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडी करायला बसले. किरणोत्सारी खूण लावलेल्या पेशी त्यांनी उंदरांच्या रक्तात सोडल्या आणि त्यांचा माग काढला. १९७० साली छापलेला निष्कर्ष असा, की रक्तात शिरलेल्या पेशींतली हजारात एकसुद्धा धड गाठ धरत नाही. बाकीच्या वाटेतच मरतात.

म्हणजे रक्तात पेशी गेली, की झालंच, असं नसतं. मावशीला मला एवढंच सांगायचं होतं.

मग तगणाऱ्या पेशी कोणत्या? फिडलरांनी फुफ्फुसातले ठिपके काढून वाढवले, पुन्हा उंदरात सोडले, पुन्हा काढले. असं दहा वेळा. दहाव्या खेपेच्या पेशी पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त ठिपके धरायच्या. त्याच त्या 'एफ१०'. १९७३ साली तयार झालेला पेशींचा हा वाण आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतो आहे. पुढे १९७७ मध्ये मार्गारेट क्रिपके यांच्यासोबत (हे दोघे नवरा-बायको) त्यांनी दाखवलं, की एकाच गाठीतल्या पेशींची पसरण्याची ताकद सारखी नसते. पसरू शकणाऱ्या पेशी गाठीत आधीपासूनच असतात. सुई टोचल्याने त्या जन्माला येत नाहीत. काही थोड्या गाठींच्या बाबतीत सुईची वाट डॉक्टर जपून ठरवतात, हे खरं. पण त्याचा बाऊ करून गाठ तशीच वाढू देणं हा उफराटा हिशोब झाला.

दुसरं कोडं जागेचं. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी २४१ जणींना, प्लीहेत फक्त १७ जणींना. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं! ते म्हणाले, बी चहूकडे उडतं, पण उगवतं मानवेल त्याच जमिनीत. पुढे अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ जेम्स यूइंग यांनी हे मोडीत काढलं. त्यांच्या मते रक्त नेईल तिथे गाठ, बस. कितीतरी वर्षं त्यांचंच चाललं. फिडलर आणि इयन हार्ट यांनी १९८० मध्ये उंदराच्या मांडीत फुफ्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे रुजवले आणि रक्तात मेलानोमा सोडला. फुफ्फुस आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी धरल्या, मूत्रपिंडाचा तुकडा कोरा राहिला. मला विचाराल तर फिडलरांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात देखणा प्रयोग. महागडं यंत्र नाही, मांडीत लावलेले मांसाचे तुकडे तेवढे.

फिडलर २०२० मध्ये गेले. पन्नास वर्षं एकच प्रश्न धरून बसलेला माणूस. आमच्याकडे प्रोजेक्ट तीन वर्षांचा, तिसरं वर्ष अर्ध्याहून जास्त पुढच्या निधीच्या अर्जात जायचं. असो, तो राग वेगळा.

मावशीला शेवटी पटलं ते बी-जमिनीवरूनच. तिची सगळी हयात शेतात गेलेली. "खडकावर पडलेलं बी पाखरंच खातात की," म्हणाली आणि सही केली. चार महिने मात्र गेले होते.

उद्या सकाळी काकांकडे चहाला जाते आहे. काकू म्हणाल्या, फाइल काढून ठेवते.