दहा बोटं, आठ बुद्धिमत्ता आणि शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. 'डीएमआयटी', म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, करून घ्या. मुलाच्या दहा बोटांचे ठसे स्कॅनरवर द्या, सॉफ्टवेअर त्यावरून मेंदूची जन्मजात घडण ओळखेल आणि सायन्स घ्यावं की कॉमर्स, डॉक्टर व्हावं की डिझायनर, हे रंगीत अहवालात छापून मिळेल. चाचणी आयुष्यात एकदाच, अगदी दोन-तीन वर्षांच्या बाळाचीही चालते, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर. मग नोबेल विजेत्यांची नावं, मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा हवाला आणि शेवटी फोन नंबर. शाळेत समुपदेशक म्हणून काम करतो, त्यामुळे जूनमध्ये असे अहवाल घेऊन पालक माझ्यासमोर बसतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो.

दावा पहिला: ठसे आणि मेंदू गर्भात एकाच काळात घडतात, म्हणून ठसे म्हणजे मेंदूचा नकाशा.

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर तो खपतो. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच बाह्य स्तरातून तयार होतात. बोटांवरच्या रेघा साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास नक्षी कायम झालेली असते. पण त्या काळात गर्भाची मूत्रपिंडंही घडत असतात. एका वेळी घडलं म्हणून एक दुसऱ्याचा नकाशा होत नाही. नक्षी कशी उमटणार हे ठरतं ते बोटाच्या टोकाशी असलेल्या उशीसारख्या उंचवट्याच्या आकारावर, जनुकांवर आणि गर्भात त्या त्या जागी पडणाऱ्या दाबांवर. म्हणूनच एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं तीच असली तरी ठसे वेगळे असतात. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र अशा जुळ्यांचे गुण साध्या भावंडांपेक्षा एकमेकांच्या खूप जवळ येतात. नकाशे वेगळे आणि गाव जवळपास तेच, हे कसं?

ठशांचा अभ्यास थोतांड आहे असं मी म्हणत नाही. या अभ्यासाला डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव शरीररचनेचे अभ्यासक हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिलं आणि डाउन सिंड्रोममध्ये तळहाताची नक्षी वेगळी आढळते हेही त्यांनीच दाखवलं. पण तिथे गुणसूत्रच जास्तीचं असतं, त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो. तेवढ्यावरून 'मुलगी सीए होईल' इथवर पोचायला वाटच नाही.

दावा दुसरा: प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडलेलं आहे.

अहवालात तक्ता असतो. अंगठा प्रीफ्रंटल, तर्जनी फ्रंटल, मधलं बोट पॅरायटल, अनामिका टेम्पोरल, करंगळी ऑक्सिपिटल. प्रीफ्रंटल हा फ्रंटलचाच पुढचा भाग, पण पाच बोटांना पाच खण हवेत, मग केले दोन. प्रत्यक्षात पाचही बोटांची संवेदना आणि हालचाल मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या अर्धगोलात एकमेकांना लागून असलेल्या पट्ट्यांत सांभाळली जाते. करंगळीची खास तार ऑक्सिपिटलकडे जात नाही. राहिली नोबेलची गोष्ट. रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये पारितोषिक मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामाबद्दल. रीटा लेव्ही-माँटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये मिळालं ते पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या घटकांच्या शोधाबद्दल. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगितल्याबद्दल कुणालाच मिळालेलं नाही.

दावा तिसरा: ही गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेवर आधारलेली चाचणी आहे.

बुद्धी एकच नसते, भाषेची, तर्काची, संगीताची अशा वेगवेगळ्या असतात, असं म्हणत गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे आठवी जोडली. त्या मांडणीवर मानसशास्त्रज्ञांत आजही वाद आहेत, ते बाजूला ठेवू. ठशांवरून त्या मोजण्याला आपला पाठिंबा नाही, हे गार्डनर यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी नाव वापरणं सुरूच.

पण मला याहून जास्त खटकतं ते अहवालातलं गणित. एका मुलीचे वडील अहवाल घेऊन आले होते. मुलगी भूमितीतलं प्रमेय एक पायरी न गाळता लिहायची. वडिलांचं म्हणणं, "सर, लॉजिकल आठच टक्के आलंय. सायन्स नकोच ना?" मी त्यांना पानावरचे आठही आकडे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मिळवायला सांगितले. बेरीज बरोब्बर शंभर. हे आठ टक्के म्हणजे शंभरपैकी आठ गुण नव्हेत. बोटांवरच्या रेघा मोजायच्या, एकूण संख्येने भागायचं आणि वाटे आठ बुद्धिमत्तांच्या नावावर टाकायचे, एवढाच हा उद्योग. सगळे वाटे समान पडले तर प्रत्येकी साडेबारा येतील. म्हणजे सगळ्यात हुशार असलेलं मूल आणि सगळ्यात कच्चं असलेलं मूल यांचा तक्ता अगदी सारखा दिसू शकतो. शिवाय संगीत वाढलं की दुसरं काहीतरी घटलंच पाहिजे. गाणं चांगलं म्हणून बीजगणित कच्चं, असा नियम कुठल्या वर्गात बघितलाय?

दावा चौथा: ज्यांनी केली ते सगळे म्हणतात, अगदी तंतोतंत जुळलं.

जुळणारच. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती 'खास त्याचं' व्यक्तिमत्त्व-वर्णन ठेवलं. सगळ्यांना मजकूर एकच होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी अचूकतेला सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. आता अहवाल उघडून बघा: मूल गरुड, मोर, कबुतर की घुबड, आणि खाली 'संवेदनशील आहे, पण प्रोत्साहन मिळालं तर चमकतं'. असं नसलेलं मूल मला दाखवा. आपल्याकडे आजी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजून राजयोग सांगायची. ती निदान पैसे घेत नव्हती.

दावा पाचवा: ठसे बदलत नाहीत, म्हणून निकालही कायमचा.

रक्तगटही बदलत नाही. त्यावरून शाखा निवडायची का? तेच उत्तर पुन्हा पुन्हा येणं वेगळं आणि ते उत्तर खरं असणं वेगळं.

दावा सहावा: आयएसओ प्रमाणित आहे.

आयएसओ ९००१ कंपनीच्या कामकाजाची पद्धत तपासतं, चाचणी खरी की खोटी हे नाही. हा विषय ज्यांचा आहे त्यांचं मत हवं असेल, तर इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही असं अधिकृत निवेदनच काढलेलं आहे.

दावा सातवा: करून बघायला काय जातं?

काही हजार रुपये जातात, ते सोडा. तिसरीतल्या मुलाला 'तू ऐकून शिकणारा आहेस' असं सांगितलं की घरात पुस्तकं येणं कमी होतं. शिकण्याच्या अशा शैलींनुसार शिकवलं तर फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, हे २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यातच स्पष्ट झालं होतं. आणि मुलाच्या दहाही बोटांचे ठसे कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहतात. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते ती उगीच नाही. ते ठसे पुढे कुठे जातात, हे विचारणारे पालक मला क्वचितच भेटतात.

मग अभिक्षमता चाचणी, म्हणजे मुलाला काय जमू शकेल हे बघणारी चाचणी, करूच नये का? जरूर करावी, पण खरी. खरी चाचणी मुलाला काहीतरी करायला लावते: उलगडलेला खोका मनातल्या मनात बंद करायचा, आकृत्यांच्या मालिकेतली पुढची ओळखायची, वेळ लावून हिशेब करायचे. मग ते गुण त्याच वयाच्या मोठ्या गटाशी ताडून बघतात. १९४७ पासून वापरात असलेल्या डिफरन्शियल ॲप्टिट्यूड टेस्टची रीत हीच. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम कित्येक वर्षं चालू आहे.

या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. २०१६ पासून काही वर्षं दहावीची कल चाचणी झाली, तेव्हा 'कल फाइन आर्ट्सचा आला' म्हणजे मुलाला चित्रकला जमते, असं समजणारे पालक ढिगाने भेटले. कल म्हणजे आवड, अभिक्षमता म्हणजे जमण्याची शक्यता, आणि आवड तर पंधरा ते अठराच्या दरम्यान सहज पालटते. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजीतून चाचणी दिली तर मोजलं जातं ते बरंचसं त्याचं इंग्रजीच. तेव्हा चाचणी घेणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा: गुण ताडून बघण्याची मानकं कोणत्या मुलांवरून काढलीत, कोणत्या भाषेत, कोणत्या साली? महिन्याने पुन्हा दिली तर गुण किती हलतात? अहवाल समजावून सांगणाऱ्याचं मानसशास्त्राचं शिक्षण किती? आणि माझ्या मुलाला नेमकं काय करायला लावणार आहात?