नायट्रो की रीकॉइल? आधी गाड्या किती धावतायत ते विचारा

सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं की बेंगळुरू-हैदराबादच्या वंडरलाला? कुठला रोलर कोस्टर जास्त भारी? मग उंचीचे आणि वेगाचे आकडे सुरू होतात. माझं मत सरळ सांगतो: कोस्टर निवडताना उंचीचा आकडा सगळ्यात कमी कामाचा. रुळाचा आकार, चाकांची अवस्था आणि तासाला किती माणसं बसून उतरतात, या तीन गोष्टींवर तुमचा दिवस ठरतो.

इमॅजिकाची नायट्रो साधारण ४० मीटर उंच आहे. ती बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीची, ‘फ्लोअरलेस’ प्रकारातली. म्हणजे गाडी सुटण्याआधी स्टेशनातली पायाखालची जमीन बाजूला होते आणि पाय मोकळे लोंबकळतात. वंडरलाची रीकॉइल ही व्हेकोमा या डच कंपनीची ‘बूमरँग’. हे १९८०च्या दशकातलं डिझाइन आहे आणि जगात त्याच्या पन्नासहून जास्त प्रती बसवल्या गेल्यात. मूळ मॉडेलची उंची ३५ मीटरच्या आसपास. कागदावर फरक जेमतेम पाच मीटरचा, पण बसल्यावर दोन्ही राइड अगदी वेगळ्या लागतात.

याचं कारण साध्या गणितात आहे. ४० मीटरवरून काहीही घरंगळलं तर घर्षण सोडून तळाशी वेग येतो सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. नायट्रोचा वेग याच घरातला आहे. हाच हिशोब ३५ मीटरला लावला तर बूमरँगचा वेग ताशी ९४ यायला हवा, पण कंपनीचा आकडा ७५-७६ आहे. उरलेला वेग गेला कुठे? बूमरँगची गाडी आधी उलटी एका मनोऱ्यावर ओढून सोडतात, आणि ३५ मीटर ही त्या मनोऱ्याच्या टोकाची जमिनीपासूनची उंची. गाडी सात डब्यांची. तिचा शेवटचा डबा टोकाजवळ पोहोचतो तेव्हा मधला डबा कित्येक मीटर खाली लटकत असतो, आणि वेग ठरतो तो मधल्या डब्याच्या उंचीवरून. त्यात रुळाचा तळही जमिनीपासून वर. म्हणून फलकावरची उंची आणि खरी घसरण यांची गल्लत करू नका.

आता रांग. बूमरँगच्या एका गाडीत २८ जण बसतात. गाडी आधी उलटी वर ओढली जाते, सुटते, स्टेशनातून भरधाव निघून कोब्रा रोल (नागाच्या फण्यासारखा दुहेरी उलटा वळसा) आणि लूप (उभा वेढा) पार करते, समोरच्या मनोऱ्यावर चढते आणि त्याच वाटेनं उलटी परत येते. सहा वेळा डोकं खाली होतं, तीनदा पुढे जाताना आणि तीनदा मागे येताना. एकाच रुळावर जा-ये असल्यानं दुसरी गाडी घालताच येत नाही. माणसांची चढ-उतार, हार्नेसची (खांद्यांवरून खाली ओढायच्या सुरक्षा-चौकटीची) तपासणी आणि फेरी धरून साडेतीन मिनिटं लागली, तर तासाला सतराच फेऱ्या आणि पावणेपाचशे माणसं. तुमच्या पुढे दोनशे जण असतील तर पंचवीस मिनिटं धरून चाला. त्यात दर फेरीला एखादा जण मोबाइल खिशात ठेवून बसतो, मग हार्नेस पुन्हा उघडा, परत लावा. पंचवीसची पस्तीस मिनिटं इथेच होतात.

नायट्रोसारख्या पूर्ण वर्तुळाच्या, म्हणजे रूळ फिरून पुन्हा स्टेशनातच येणाऱ्या कोस्टरवर रुळाचे भाग पाडलेले असतात. एका भागात एका वेळी एकच गाडी, पुढचा भाग रिकामा झाल्याशिवाय मागची पुढे सुटत नाही. त्यामुळे एक गाडी स्टेशनात भरत असताना दुसरी फिरू शकते. म्हणून अशा कोस्टरच्या रांगेत शिरण्याआधी दोन मिनिटं बाहेर उभं राहून बघा, की तीच गाडी परत येतेय की दुसरी. दिवस कमी गर्दीचा असेल तर पार्कवाले एकच गाडी काढतात. दुसरी नसेल तर रांगेचा वेळ दुप्पट समजा, मग रांग कितीही छोटी दिसो.

अंगाला काय जाणवतं, यात नायट्रो उजवी आहे, यात मला शंका नाही. जुन्या डिझाइनमध्ये वळसे रुळाभोवती फिरतात. रूळ कमरेखाली आणि डोकं रुळापासून दीड मीटर दूर, त्यामुळे रूळ झटकन पलटला की डोकं मोठा झोका खातं आणि कान हार्नेसवर आपटतो. बूमरँगच्या कोब्रा रोलमध्ये हेच होतं. नंतरच्या डिझाइनमध्ये वळसा माणसाच्या छातीच्या रेषेभोवती फिरवला जातो, डोकं जागेवर राहतं आणि रूळच भोवती गुंडाळल्यासारखा जातो. ही कल्पना रुजवली जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी. लूप गोल न ठेवता थेंबाच्या आकाराचा करण्याची पद्धतही त्यांचीच, १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातल्या कोस्टरपासूनची. अगदी गोल लूपमध्ये वर जेमतेम चिकटून राहायचं म्हटलं तरी तळाशी सहा जी, म्हणजे आपल्या वजनाच्या सहापट दाब बसतो. तळाची त्रिज्या मोठी आणि वरची लहान केली की तो दाब निम्म्याजवळ येतो. माणूस राइडमधून हसत उतरतो की मान चोळत, हे इथे ठरतं.

सीटबद्दल. साखळीनं वर जाणाऱ्या कोस्टरवर मागची ओळ घ्या. पुढचे डबे उतारावर गेले की ते मागच्यांना खेचतात, त्यामुळे शेवटचा डबा माथ्यावर येतो तोच वेगात आणि पोटात गोळा येतो. लूपच्या माथ्यावर मात्र मधल्या ओळीत सगळ्यात जास्त वेळ टांगल्यासारखं वाटतं, कारण गाडी तेव्हा सगळ्यात हळू असते. बूमरँगवर उलटं ओढलं जाताना शेवटची ओळ सगळ्यात उंच जाते आणि तोंड थेट जमिनीकडे. परतीला तीच पहिली होते. मान किंवा कान नाजूक असतील तर तिथे मधली ओळ घ्या.

हार्नेस कसा घ्यायचा, हे कोणी नीट सांगत नाही. आधी पाठ आणि कंबर सीटच्या शेवटापर्यंत मागे सरका, मग खाली ओढा. पुढे सरकून बसल्यावर लावला तर छातीशी पोकळी राहते आणि प्रत्येक झटक्याला खांदे आपटतात. डोकं मागच्या पॅडला टेकवून ठेवा. उलटे वळसे सुरू झाले की मांड्या आणि पोट आवळा, म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. फ्लोअरलेसवर पायात चप्पल ठेवू नका, ती खाली माणसांच्या डोक्यावर जाते. वडापाव खाऊन लगेच बसू नका, पण उपाशीही नको.

वर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो तो साखळीचा नसतो. डब्याखाली एक लोखंडी खिट्टी असते, ती दातेरी पट्टीच्या एकेका दातावर पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी एका दातापलीकडे मागे येत नाही. म्हणून चढावर गाडी थांबली तर घाबरू नका. बहुतेक वेळा एखाद्या सेन्सरचा हिशोब जुळलेला नसतो आणि संगणकानं साखळी थांबवलेली असते, बाजूच्या जिन्यानं खाली आणतात. बूमरँगचं दुखणं वेगळं. समोरच्या मनोऱ्यावर गाडीला साखळी पकडण्याइतकं वर जावं लागतं. चाकांवर पॉलियुरेथिनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) थर असतो आणि बेअरिंगमध्ये ग्रीस. सकाळच्या थंडाव्यात दोन्ही घट्ट, त्यात गाडी अर्धी रिकामी आणि समोरून वारा असला, की ती कमी पडते आणि रुळाच्या खोलगट भागात अडकून बसते. म्हणून सकाळी आधी रिकाम्या चाचणी-फेऱ्या काढतात. दुपारी गाडी जास्त पळते, हे खरंच आहे.

पाऊस हा आपल्याकडचा मोठा मुद्दा. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे, जुलैत तिथे काय कोसळतं ते सगळ्यांना माहीत आहे. चुंबकी ब्रेकवर पाण्याचा परिणाम होत नाही, पण त्यांची ओढ वेगावर चालते. गाडी हळू झाली की ओढही संपते, शेवटी पूर्ण थांबवायला घर्षणाचा ब्रेक लागतोच, आणि ओला ब्रेक सरकतो. वीज चमकत असेल तर चाळीस मीटरच्या लोखंडावर माणसं बसवायची नसतात. बंद ठेवतात ते बरोबरच आहे. मला राग आहे तो तिकीटखिडकीवर हे न सांगण्याचा. ‘आज अमुक राइड बंद, आज एकच गाडी’ अशी पाटी गेटवर लावायला काहीच खर्च येत नाही, आणि चौघांच्या कुटुंबाचे हजारो रुपये यात असतात.

पावसाळ्यात इमॅजिकाला जाणारच असाल तर डीप स्पेस धरा. ती छपराखाली, अंधारात, साखळीऐवजी विजेच्या मोटरनं एकदम सुटते. नायट्रो उघडी दिसली की मात्र गेट उघडल्या उघडल्या तिकडेच चाला, मधल्या राइडवर थांबू नका.

आणि कोलकात्याला गेलात तर निक्को पार्कमधल्या लाकडी सायक्लोनमध्ये आवर्जून बसा. लाकडी कोस्टर थरथरतोच, रूळ वाकतो, कुरकुरतो. तिथे तो दोष नाही, तिथे मजाच ती आहे. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून मुंबईच्या मुलांना बोटीनं जाऊन पहिल्यांदा छोट्या कोस्टरमध्ये बसायची जागा उरली नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला थेट नायट्रोसमोर उभं करून उंचीच्या पट्टीवर नापास करणं फार वाईट. आधी इमॅजिकाच्या गोल्ड रश एक्स्प्रेसमध्ये दोनदा बसवा, आणि त्यातून उतरल्यावर तो परत रांगेकडे पळतो का, तेवढं बघा.