लोहगावात आपण भाडेकरू आहोत

आज संध्याकाळी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी पंचवीस मिनिटं उभं होतं. खिडकीपाशी बसलेल्या एका साहेबांनी मोबाइल काचेला लावून उतरणाऱ्या सुखोई लढाऊ विमानाचं शूटिंग सुरू केलं. केबिन क्रूमधली मुलगी म्हणाली, "सर, डिफेन्स एअरफील्ड आहे, फोन खाली घ्या." तर हे तिच्यावरच खेकसले, "तिकिटाचे पैसे मोजलेत. आधी विमान उडवा, मग शिकवा आम्हाला!" बाविशीतली पोर. वर तीच 'सॉरी सर' म्हणाली. कशाबद्दल सॉरी?

अहो साहेब, ती धावपट्टी तुमच्या तिकिटाची नाही, हवाई दलाची आहे. १९३९ पासून हा लष्करी तळ आहे. आपलं टर्मिनल म्हणजे त्यांच्या आवाराला लागून दिलेला सिव्हिल एन्क्लेव्ह, प्रवासी विमानांपुरती दिलेली जागा. टर्मिनल सांभाळते एअरपोर्ट्स अथॉरिटी, पण टॉवरमधला कंट्रोलर हवाई दलाचा, आणि प्रवासी विमानांना किती स्लॉट (उडण्या-उतरण्याच्या वेळा) सोडायचे हेही तेच ठरवतात. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी काचेसमोर सेल्फी काढले. टर्मिनल वाढलं, धावपट्टी तेवढीच राहिली. एकच, २,५३५ मीटरची.

आता त्या पंचवीस मिनिटांत काय चाललं होतं ते बघा. सुखोई बहुतेक वेळा जोडीने जातात आणि जोडीनेच परततात. तेव्हा त्यांच्याकडे मोजकंच इंधन उरलेलं असतं, त्यामुळे आधी ते उतरणार. उतरल्यावर शेपटीतून ब्रेक पॅराशूट उघडतं, वेग कमी झाला की ते सोडून देतात आणि खालची माणसं ते गोळा करतात. एखादं पॅराशूट भलत्याच जागी पडलं, टायरचा तुकडा उडाला किंवा पक्षी आपटला, की जीप घेऊन पट्टी तपासायची. सुपारीएवढा खडा इंजिनात गेला तरी पंख्याची पाती वाकू शकतात. शिवाय लढाऊ विमानांच्या तळावर टोकाला जाळी असते, ब्रेक निकामी झालेलं विमान अडवायला. प्रवासी विमान सोडायचं तर आधी ती खाली पाडलेली हवी.

आणि पट्टी मोकळी नसली की काय होतं? १५ फेब्रुवारी २०२० ला याच धावपट्टीवर दिल्लीला निघालेल्या विमानासमोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने वेळेआधी विमान उचललं, शेपटीखालचा भाग जमिनीला घासला. दिल्लीत सुखरूप उतरलं, नशीब. खिडकीवाले साहेब, तेव्हा कोणावर खेकसला असता?

फोटोचंही तेच. एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधला नियम १३ विमानतळावरच्या फोटोंबद्दलच आहे. त्या मुलीने मनाचं काही सांगितलं नव्हतं. दारात निळ्या गणवेशातला जवान उभा असता तर हाच फोन मुकाट्याने खिशात गेला असता. राग येतो तो याचाच.

बरं, प्रवाशांचं काहीच खरं नाही असंही नाही. 'एटीसी क्लिअरन्सची (म्हणजे टॉवरच्या परवानगीची) वाट पाहतोय' एवढंच पुटपुटून कॅप्टन गप्प बसतात. 'समोर दोन लढाऊ विमानं उतरतायत, मग पट्टी तपासतील' एवढं मराठीत नाही तर हिंदीत सांगायला काय जातं? ऑक्टोबर २०२० पासून जवळपास वर्षभर पट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ विमानं बंद होती, शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ अख्खा विमानतळ बंद. एवढ्या मोठ्या शहराने असं एकाच पट्टीवर किती दिवस जगायचं, हा प्रश्न रास्तच आहे. पुरंदरच्या नव्या विमानतळाचं नाव २०१६ पासून ऐकतोय. पण तिथे ज्यांच्या अंजीर-सीताफळाच्या बागा जाणार, त्यांना विचारा विमानतळ म्हणजे काय. मग पंचवीस मिनिटं फार वाटणार नाहीत.

असो. मघाशी लिहिताना जरा चढलाच होता पारा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करताना दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं याच लोहगावातून उडाली होती. दाबोळीही आज नौदलाची आणि तिथेही आपण पाहुणेच. साहेबांना हे सांगायचं मनात होतं.

पण विमान उडायची वेळ आली तेव्हा साहेब तोंड उघडं टाकून झोपले होते. ती मुलगी येऊन त्यांची खुर्ची हळूच सरळ करून गेली.